मुक्कामी भगिनी-मेळावा: इंदूरच्या ख्रिस्ती विद्यार्थिनी गटांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला शिकायला आलेल्या मराठी ख्रिस्ती मुली खंडवा, बऱ्हाणपूर, जळगाव, नाशिक अशा ठिकठिकाणच्या असतात. आठवड्याच्या तासाभराच्या प्रार्थनासभेत त्यांची नावं एकमेकींना कळतात, एवढंच. एक रात्र एकत्र काढली की गट खऱ्या अर्थाने जमतो. पुढची सगळी मापं ४० विद्यार्थिनी आणि ५ मोठ्या भगिनी, शनिवारी दुपारी ४ ते रविवारी सकाळी ८.३०, असा हिशेब धरून दिली आहेत. तुमची संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त करा.

एकच रात्र पुरते का? दोन दिवसांचं शिबिरच का घेऊ नये?

पहिल्यांदा घेत असाल तर एकच रात्र. होस्टेलचा आउटपास एका रात्रीचा सहज मिळतो, घरचेही लवकर ‘हो’ म्हणतात आणि स्वयंपाक दोनच वेळांचा राहतो.

तारीख कोणती धरावी?

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. सेमिस्टरच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि उन्हाळा लागलेला नसतो. मात्र या दिवसांत इंदूरची रात्र १० अंशांच्याही खाली जाऊ शकते, तेव्हा रजयांत काटकसर करू नका. दुसरा पर्याय ऑगस्ट. त्यात ओले कपडे वाळवायला बंदिस्त जागा हवी.

तारीख पक्की करण्याआधी शहराचं पंचांग बघा. रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूला गेर (रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक) निघते, तेव्हा त्या भागातले रस्ते बंद असतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री झाक्यांची (रोषणाईच्या देखाव्यांची) मिरवणूक असते आणि ती पहाटेपर्यंत चालते. त्या दिवशी मुली वेळेवर पोहोचणार नाहीत आणि रुग्णवाहिकाही नाही. डिसेंबरचे शनिवार-रविवार घरोघरच्या नाताळगीतांत जातात, त्यांत आणखी भर नको.

मार्चचा पहिला शुक्रवार हा जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एखाद्या देशातल्या स्त्रिया त्याची उपासना तयार करतात. मेळावा त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला तर अर्धी तयारी हातात असते. तो काळ बहुधा उपवासकाळात येतो, त्यामुळे साधं शाकाहारी जेवण सगळ्यांना चालतं.

जागा निवडताना काय पाहायचं?

आधी झोपायची जागा मोजा. एका मुलीला गादी, सामान आणि जायची वाट धरून २५ ते ३० चौरस फूट लागतात. म्हणजे २० बाय ३० फुटांच्या हॉलमध्ये २० ते २४ मुली. ४५ जणींना असे दोन हॉल हवेत, शिवाय प्रार्थनेसाठी एक स्वतंत्र खोली. सभेच्याच हॉलमध्ये झोपायचं ठरवलं तर रात्री दहाला खुर्च्या हलवाव्या लागतात आणि त्यात पाऊण तास जातो.

संडास दर ८ ते १० जणींमागे एक, म्हणजे किमान पाच. दारांच्या कड्या आतून लागतात का, दिवे चालतात का, हे एकदा रात्री जाऊनच बघा. आवाराला भिंत आणि फाटक असावं, फाटकावर उजेड असावा.

चर्चचा हॉल, मिशनची शाळा किंवा सिस्टरांचं साधनागृह यांपैकी काहीही चालेल. चोरल किंवा पातालपाणीच्या बाजूचं फार्महाउस फोटोत छान दिसतं, पण आम्ही ते सुचवणार नाही. मोबाइलची रेंज बेभरवशाची, दवाखाना लांब आणि पावसाळ्यात धबधब्याकडे ‘जरा जाऊन येतो’ म्हणणाऱ्यांना आवरणं कठीण.

परवानग्या कोणाकोणाच्या?

वॉर्डन मॅडमना पत्र १५ दिवस आधी द्या. त्यात जागेचा पत्ता, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जबाबदार ताईंचं नाव व फोन, आणि मुलींची यादी असावी. आउटपास प्रत्येकीने स्वतः भरायचा. ‘सगळ्यांचा मिळून एक’ चालत नाही. शनिवारी दुपारी गेटवर अडकणाऱ्या मुली बहुतेक याच कारणाने अडकतात.

पालकांचं संमतिपत्र प्रत्येकीचं घ्या, वय १८ पूर्ण असलं तरी. कायद्याने ते लागत नाही, पण गावाकडच्या आईला मुलगी रात्री कुठे आहे हे माहीत असायला हवं. १८ पूर्ण नसेल तर लेखी संमतीशिवाय प्रवेशच नको. आणि घरी एक फोन ताईंनी स्वतः करावा. ‘काकू, मी अमुक बोलते आहे, रात्री तिच्यासोबत मी असेन’ एवढं बोललं की पत्राने न सुटलेली शंका सुटते.

जवळच्या पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची लेखी माहिती देऊन पोच घ्या. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावता येत नाही. हॉलमध्येसुद्धा दहानंतर माइक बंद करा. शेजाऱ्यांशी संबंध वर्षभराचे असतात.

दुसऱ्या धर्माच्या मैत्रिणीला आणता येईल का?

मुक्कामाला नको. शनिवारी संध्याकाळच्या चहाला आणि गाण्यांना ती आनंदाने येऊ शकते, रात्री आपल्या घरी जाईल. मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम लागू आहे. आमिष, धाक किंवा फसवणूक करून केलेलं धर्मांतर त्याखाली गुन्हा ठरतं. तुमच्या मनात तसं काहीही नसलं तरी रात्रीच्या मुक्कामावरून उठलेली तक्रार निस्तरणं त्या मुलीलाच सर्वांत जड जातं. तिच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

गाद्या-रजया कुठून?

टेंट हाउसमधून. ५० गाद्या, ५० उशा, थंडीत ७० रजया सांगा. शनिवारी सकाळी ११ पर्यंत माल पोहोचला पाहिजे, म्हणजे दोन तास उन्हात टाकता येतो. आल्याबरोबर मोजून पावतीवर लिहा आणि फाटलेल्या, डाग पडलेल्या गाद्या वेगळ्या नोंदवा. नाहीतर परत करताना त्यांचे पैसे तुमच्याकडून कापले जातात. चादर आणि उशीचा अभ्रा प्रत्येकीने घरून आणावा.

सकाळी आंघोळीचा गोंधळ कसा टाळायचा?

मुक्कामी मेळावे जिथे कोलमडतात ती हीच जागा. हिशेब असा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर थंडीत एकदा तापायला २० ते २५ मिनिटं घेतो. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ३० लिटर कोमट पाणी होतं, म्हणजे १५-१५ लिटरच्या दोन बादल्या. दोन गिझर असतील तर तासाला जेमतेम १० ते ११ मुली. ४५ जणींना चार तासांहून जास्त लागतील, आणि सकाळी तुमच्याकडे साडेपाच ते आठ एवढाच वेळ असतो.

म्हणून यादी दोन भागांत करा. वीस जणी शनिवारी रात्री ९.४५ ते ११.३० मध्ये आंघोळ उरकतील, बाकीच्या सकाळी. रात्रीची नावं आधी भरा, कारण तिथे कोणी आपणहून येत नाही. गिझर कमी पडत असतील तर स्वयंपाकाच्या मोठ्या गॅसवर ४० लिटरचं पातेलं ठेवा. पाऊण-एक तासात ते कडक तापतं आणि गार पाणी घालून आठ बादल्या निघतात. ते पाणी बादली अर्धीच भरून, दोघींनी धरून न्यायचं, आणि वाटेवर ओली फरशी नको. कोमट करण्यासाठी बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

दोन गिझर एकदम लावले की १७ ते १८ अँपिअरचा भार येतो. त्याच लाइनवर कोणी इस्त्री किंवा केटल लावली की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) पडतो आणि सगळ्या मजल्यावर अंधार होतो. मुख्य बोर्ड कुठे आहे ते दिवसा बघून ठेवा. इस्त्रीला रजाच द्या.

जेवणात काय आणि किती?

रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड, लोणचं, गाजराची कोशिंबीर. तांदूळ ३.२ किलो, मुगाची डाळ १.६ किलो, पाणी सुमारे २० लिटर. हे सगळं एकाच भांड्यात लावू नका. तळ जाड नसेल तर खाली करपतं, वर कच्चं राहतं आणि करपल्याचा वास सगळ्या खिचडीला लागतो. २० लिटरची दोन पातेली घ्या. मीठ आधी १५० ग्रॅम घाला, मग चव बघा. कढीसाठी ३ किलो दही, ४ लिटर पाणी, पाव किलो बेसन. दही आंबट नसेल तर कढी फिकी लागते, म्हणून ते आदल्या दिवशीच आणा. गॅसचं दुसरं भरलेलं सिलिंडर हाताशी असू द्या.

खिचडी उरली तर रात्रीच वाटून टाका. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला की त्यात असे जंतू वाढतात ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळी दहा मुलींना उलट्या होण्याचं कारण बहुधा हेच असतं.

सकाळी इंदुरी पोहे-जिलबी, दुसरा विचारच नको. जाडे पोहे ३.२ किलो, कांदे दीड किलो, दाणे ३०० ग्रॅम, सेव ७०० ग्रॅम, जिलबी ३ किलो, लिंबं २०, जीरावणाचं (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचं) एक मोठं पाकीट. पोहे भिजत ठेवायचे नाहीत. चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्यायचे, मग मीठ, साखर, हळद लावायची. फोडणीत बडीशेप आणि धणे घाला. झाल्यावर भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, म्हणजे शेवटच्या पंगतीलाही मऊ आणि गरम मिळतात. थेट आचेवर ठेवले तर तासाभरात कोरडे पडतात.

चहा दोनदा. एका वेळेला ३ लिटर दूध, अडीच लिटर पाणी, १०० ग्रॅम चहा पावडर, ४०० ग्रॅम साखर, आलं. रात्री प्रार्थनेला जागणाऱ्यांसाठी ४ डझन केळी. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे ७ जार, स्वयंपाकाला आणखी २.

स्वयंपाकाला एखाद्या मावशींना बोलावा आणि मुलींच्या पाच-पाचच्या तुकड्या चिरायला, वाढायला द्या. सगळं मुलींवर टाकलं तर दहा जणी संध्याकाळभर ओट्याशीच राहतात आणि अभ्यासगटाला मुकतात.

कार्यक्रम कसा आखायचा?

४ ला येणं आणि नोंद, ४.३० ला चहा, ५.१५ ला गाणी आणि ओळख, ६ ला शास्त्राभ्यासाचे (बायबल-अभ्यासाचे) गट, ७.३० ला जेवण, ८.३० ला स्तुती आणि साक्ष, १० ला माइक बंद. मग छोट्या वर्तुळात प्रार्थना, ११.३० ला दिवे बंद. आंघोळवाल्यांचं वर्तुळ शेवटी घ्या. सकाळी ५.३० ला उठणं, ७ ला प्रभात प्रार्थना, ७.३० ला नाश्ता.

दोन कार्यक्रमांच्या मध्ये १५ मिनिटं मोकळी सोडा. मुली ज्या गोष्टी बोलायला आल्या असतात त्या याच वेळात जिन्यावर बसून बोलल्या जातात. वक्त्यांना लागोपाठ बसवून ही जागा भरून टाकू नका. एक वक्ता पुरे, तोही २५ मिनिटांचा.

अभ्यासासाठी कोणते उतारे घ्यावेत?

सहा-सात जणींचा गट आणि एकच उतारा. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. मोठ्याने वाचलं तर पाऊण तासात वाचन आणि पहिली चर्चा दोन्ही होतात, आणि घर सोडून परक्या गावी आलेल्या मुलीला त्यातलं बरंच ओळखीचं वाटतं. लूक १०:३८–४२ (मार्था आणि मरीया), योहान २० मधली मग्दालीया मरीया, प्रेषितांची कृत्ये १६:१४–१५ (लुदिया) हेही चांगले. रात्रीच्या शेवटी स्तोत्र ४ किंवा १३४. दोन्ही रात्रीचीच स्तोत्रं आहेत.

एखाद्या स्त्रीचं चरित्र घ्यायचं असेल तर लांब जायला नको. कॅथलिक धर्मभगिनी राणी मरिया उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींसोबत काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. क्षमेवर बोलायचं तर याहून जवळचं उदाहरण नाही. मात्र हे रात्री झोपायच्या आधी नको, सहाच्या सत्रात घ्या. मराठी मुलींना पंडिता रमाबाई माहीत असतात, पण १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या हे बहुतेकींना माहीत नसतं. तेही सांगा.

भाषा मिश्र ठेवा. काही जणींना मराठी वाचता येत नाही, काहींना हिंदी शास्त्र परकं वाटतं. उतारा दोन्ही भाषांत एकदा वाचावा. गटात सगळ्यांकडे एकच भाषांतर असावं, नाहीतर पहिली दहा मिनिटं ‘माझ्यात असं नाही लिहिलेलं’ यातच जातात.

रात्रभर जागरण करावं का?

सगळ्यांनी नाही. साखळी प्रार्थना ठेवा. ११.३० ते ५.३० या सहा तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बारा पाळ्या, प्रत्येक पाळीत दोघी, म्हणजे २४ जणी. बाकीच्यांना झोपू द्या. झोप न झालेली मुलगी रविवारी उपासनेत पेंगते आणि सोमवारी पुन्हा यायचं नाही असं ठरवते.

पाळीवाल्यांच्या गाद्या दाराशी घाला आणि गादीच्या पायथ्याशी रंगीत नाडी बांधा. उठवायला येणारी नाडी बघून नेमकी गादी शोधते, टॉर्च चेहऱ्यांवर फिरवावा लागत नाही. प्रार्थनेच्या खोलीत विषयांची चिठ्ठी, शास्त्र, पाणी आणि बॅटरीचा दिवा असावा. मेणबत्ती नको. ओढणी आणि रजई दोन्ही क्षणात पेटतात. सकाळी स्कूटी चालवत परत जाणाऱ्या मुलींना १ ते ४ मधली पाळी देऊ नका.

प्रभुभोजन किंवा मिस्सा ठेवावा का?

मुली उत्तर भारत चर्चच्या, मेथडिस्ट, कॅथलिक, पेंटेकोस्टल अशा सगळ्या असतील तर ठेवू नका. कोणाला घेता येतं, कोणाला नाही, हा प्रश्न त्या पहाटे सोडवायचा नसतो, आणि न घेणारी एकटी मागे बसून राहते. ८.३० ला संपवण्याचं कारणच हे की प्रत्येकीने आपापल्या मंडळीत जावं.

पाळकसाहेब किंवा गटातले भाऊ आले तर?

संध्याकाळच्या सत्राला येऊ द्या, जेवायला थांबवा. ९ नंतर आवारात कोणीही पुरुष नको. चौकीदार फाटकाबाहेर. हा नियम पाळकांनाही लागू, आणि समजूतदार पाळक तो स्वतःच सांगतात. रात्री दोन मोठ्या भगिनी दोन-दोन तासांच्या पाळीने जाग्या राहतील. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे.

फोन जमा करून घ्यावेत का?

नाही. सत्रात सायलेंट, एवढं पुरे. घरून फोन आला आणि उचलला गेला नाही तर पुढच्या वर्षी ती मुलगी येणार नाही. झोपायच्या हॉलमध्ये फोटो मात्र अजिबात नकोत. बाकी फोटो टाकण्याआधी विचारून घ्या.

तब्येतीची काय तयारी?

नोंदणीच्या कागदावर दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचा फोन लिहून घ्या. ताईंनी आपल्या मनाने गोळ्या देऊ नयेत. ओआरएस, पट्ट्या, थर्मामीटर, गरम पाण्याची पिशवी ठेवा. सॅनिटरी पॅडची ४० ची तजवीज करा आणि ती कपाटात कुलपात नको, बाथरूममध्येच उघड्यावर ठेवा. मागायला लागू नये. प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं. एक गाडी आणि चालवणारी भगिनी रात्रभर तयार असावी. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. महाराजा यशवंतराव रुग्णालय रात्रीही सुरू असतं.

एखादी मुलगी रडू लागली, काही गंभीर सांगितलं तर?

एका ताईंनी तिला बाजूला घेऊन बसावं, दार उघडं ठेवून. ऐकावं. लगेच सगळ्यांकडून प्रार्थना करवून घेऊ नका, उद्या कॉलेजात तिला त्यांच्यासमोरच जायचं असतं. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. ‘तुझ्या भल्यासाठी कोणाला सांगावं लागलं तर आधी तुला विचारीन’ असं म्हणा. मुलगी १८ च्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे निवड नसते. स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक रात्रीही चालतो. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

वर्गणी किती आणि कशी?

खर्च लिहून काढा, त्यात दहा टक्के वर धरा आणि ४५ ने नाही, ३५ ने भागा. पाच-सहा जणी ऐनवेळी गळतात आणि काहींना वर्गणी झेपत नाही. त्यांची नावं एकाच ताईंना माहीत असावीत. यादीत ‘माफ’ असं कुठेही लिहू नका, सगळ्यांसमोर ‘भरले’ एवढंच असावं.

कचऱ्याचं काय?

इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक. डब्यांवर चिठ्ठ्या शनिवारीच लावा. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून वेगळा. ताटं-वाट्या स्टीलच्या भाड्याने घ्या, धुवायची पाळी लावा. कागदी ताटांचा ढीग ओल्या उष्ट्यासकट वेगळा करणं हे ताटं धुण्यापेक्षा जास्त काम आहे.

संपल्यावर काय राहतं?

गाद्या मोजून परत, किल्ल्या परत, गॅसचा नॉब आणि टाकीचा पंप बंद. मग एक ताई यादी घेऊन बसतील आणि दुपारी १२ पर्यंत प्रत्येकीचा ‘पोहोचले’ असा निरोप येतो का ते पाहतील. ज्यांचा आला नाही त्यांना फोन, मग वॉर्डनना फोन. यादी पूर्ण झाल्यावरच पोलीस ठाण्याला आणि शेजाऱ्यांना आभाराचा निरोप द्या, आणि पहिल्यांदा आलेल्या मुलींची नावं गटाच्या सेक्रेटरीकडे लिहून द्या, म्हणजे बुधवारच्या सभेला त्यांना कोण घ्यायला जाणार ते ठरवता येईल.